स्टुलावरचा माणूस

चार किलो वजनाच्या बाळाची शस्त्रक्रिया करायला लागणारी सुई हॉस्पिटलमध्ये नव्हती. ती एका सुताराच्या मुलानं बनवली. व्हिव्हियन थॉमस या माणसाची ही गोष्ट.

हातातलं बॉलपेन उघडा आणि आतली रिफिल बाहेर काढा. संपलेली असेल तर उत्तम. ती मधोमध कापा. दोन नळ्या झाल्या. आता एका नळीच्या अंगाला छोटंसं भोक पाडा, दुसरीचं टोक त्या भोकावर टेकवा आणि सुईदोऱ्यानं गोल शिवून टाका. जोडातून पाण्याचा थेंब बाहेर येता कामा नये आणि आतली वाटही बुजता कामा नये. घरातली सुई घेऊन बसलात, तर पहिल्याच टाक्याला कळेल की चूक तुमच्या हाताची नाही. सुई जाड आहे, लांब आहे आणि तिला वळायला जागाच नाही.

आता असं समजा, की ही रिफिल मऊ आहे. जरा जोरात धरली तर फाटते, हळू धरली तर निसटते. ती एका बाळाच्या छातीत खोल आहे, शेजारी त्याचं हृदय धडधडतंय आणि तुमच्याकडे वेळ मोजकाच आहे.

२९ नोव्हेंबर १९४४ या दिवशी अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये, असंच एक काम करायचं होतं. त्यासाठीची सुई हॉस्पिटलच्या कपाटात नव्हती. ती ज्यानं तयार केली तो डॉक्टर नव्हता, इंजिनीअरही नव्हता. बारावी झाल्यावर कॉलेजला जायचं त्याचं राहूनच गेलं होतं. आणि तो कृष्णवर्णीय होता. त्या काळात त्या हॉस्पिटलमध्ये त्याच्या रंगाच्या माणसांना साफसफाईचीच कामं मिळायची.

बँक बुडाली, कॉलेज राहिलं

व्हिव्हियनचा जन्म १९१० सालचा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातला. आईवडिलांना मुलगी होईल असं वाटलं होतं. नाव आधीच ठरलेलं, ते मुलालाच देऊन टाकलं. पुढं कुटुंब टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात आलं. वडील सुतार होते. शाळा सुटली की मुलं त्यांच्या हाताखाली कामाला. करवत कशी धरायची, पटाशीला धार कशी लावायची, फळीला फळी कशी बेमालूम बसवायची, हे व्हिव्हियन लहानपणीच शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

त्याला डॉक्टर व्हायचं होतं. १९२९ मध्ये त्यानं शाळा पूर्ण केली आणि फीचे पैसे जमवायला सुतारकाम धरलं. तुमच्यापैकी अनेक जण सुट्टीत जे करतात तेच. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेत महामंदी आली. बांधकामं थांबली, सुतारांची कामं गेली. त्याचीही गेली.

मग एका मित्रानं सांगितलं, की व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका डॉक्टरला प्रयोगशाळेत मदतनीस हवाय. फेब्रुवारी १९३० मध्ये तो तिथं रुजू झाला. पगार आठवड्याला १२ डॉलर. ठरवलं होतं, की थोडे दिवस काढू आणि पैसे जमले की कॉलेज. काही महिन्यांतच नॅशव्हिलमधल्या बँका बुडाल्या. त्याची साठवलेली सगळी रक्कम त्यांच्यातच होती. कॉलेजचा विषय तिथंच संपला.

पगार सफाई कामगाराचा

ज्यांच्याकडे तो लागला ते डॉक्टर म्हणजे आल्फ्रेड ब्लेलॉक. वय तिशीचं, महत्त्वाकांक्षी, तापट. ते शॉकवर संशोधन करत होते. शॉक म्हणजे मोठ्या जखमेनंतर किंवा अपघातानंतर शरीर एकाएकी कोसळतं ती अवस्था. त्या काळात अनेकांना वाटायचं, की जखमेतून कुठलं तरी विष रक्तात पसरतं. ब्लेलॉक आणि थॉमस यांनी प्रयोगांमधून दाखवलं, की खरं कारण आहे रक्त आणि त्यातला द्रव कमी होणं. ते भरून काढलं तर माणूस वाचतो. दुसऱ्या महायुद्धात असंख्य जखमी सैनिकांना रक्त आणि प्लाझ्मा देऊन वाचवण्यामागे हे काम होतं.

हे प्रयोग प्रत्यक्ष करायचा व्हिव्हियन. कुत्र्यांना भूल देणं, शस्त्रक्रिया करणं, मोजमापं घेणं, नोंदी ठेवणं. आधी ब्लेलॉक यांनी दाखवलं, मग थोड्याच काळात तो एकटा करायला लागला. दिवसाचे सोळा सोळा तास लॅबमध्ये जायचे. रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र त्यानं तिथंच काम करता करता वाचून काढलं.

सुरुवातीच्या दिवसांत एकदा त्याच्या हातून काही चूक झाली आणि ब्लेलॉक त्याच्यावर शिव्या देत ओरडले. मंदीचे दिवस, नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो शांतपणे गेला, कपडे बदलले आणि ब्लेलॉक यांना सांगितलं, की असं बोलून घ्यायची सवय मला घरातून लागलेली नाही, मी निघतो. ब्लेलॉक यांनी माफी मागितली आणि पुन्हा त्याच्यावर आवाज चढवला नाही. विशीही न गाठलेला पोरगा आणि समोर त्याचा साहेब. पुढं चौतीस वर्षं टिकलेल्या त्या जोडीचा पाया बहुधा त्या दिवशी पडला.

पण कागदावर त्याची नोंद काय होती? सफाई कामगार. तो संशोधन करत होता आणि पगारपत्रकावर झाडूवाला होता, कारण कृष्णवर्णीय माणसासाठी दुसरा रकानाच नव्हता. हे कळल्यावर त्यानं विचारणा केली. पगार थोडा वाढला. त्याचा मोठा भाऊ हॅरॉल्ड शिक्षक होता. कृष्णवर्णीय शिक्षकांना कमी पगार का, म्हणून त्यानं नॅशव्हिलच्या शिक्षण मंडळाला कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला. खटला जिंकला, नोकरी मात्र गेली. व्हिव्हियननं ते पाहिलं होतं. लग्न झालेलं, घरी पत्नी क्लारा आणि दोन छोट्या मुली. पुढच्या आयुष्यात तो इतका गप्प का राहिला, असा प्रश्न पडला तर हा भाऊ आठवा.

निळी बाळं

ब्लेलॉक यांना एका मोठ्या हॉस्पिटलकडून बोलावणं आलं. पण तिथं कृष्णवर्णीयांना नोकरी देत नव्हते, आणि व्हिव्हियनशिवाय जायला ब्लेलॉक तयार नव्हते. त्यांनी नकार कळवला. १९४१ मध्ये जॉन्स हॉपकिन्सनं त्यांना सर्जरीचं प्रमुखपद दिलं, तेव्हा त्यांनी अट घातली, की व्हिव्हियन सोबत येईल. थॉमस कुटुंब बाल्टिमोरला आलं. तिथं राहायला घर मिळणं मुश्कील. हॉस्पिटलात काळ्यांची स्वच्छतागृहं वेगळी. पांढरा लॅब कोट घालून तो आवारातून चालत गेला, की लोक वळून वळून बघायचे. शेवटी लॅबच्या बाहेर पडताना त्यानं कोट काढून ठेवायला सुरुवात केली.

१९४३ मध्ये हेलन टाउसिग या बालहृदयरोगतज्ज्ञ ब्लेलॉक यांच्याकडे एक प्रश्न घेऊन आल्या. त्यांच्याकडे येणारी काही बाळं निळी पडत. ओठ निळे, नखं निळी. थोडं रडली किंवा चार पावलं चालली तरी धाप लागायची. बरीचशी मोठी व्हायच्या आत दगावायची.

या आजाराचं नाव टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो. हृदयात जन्मतः चार दोष असतात. त्यातला मुख्य असा, की फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद असते. त्यात हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. त्यामुळे बरंचसं रक्त ऑक्सिजन न घेताच अंगभर फिरतं आणि बाळ निळं दिसतं. टाउसिग यांच्या लक्षात आलं होतं, की ज्या बाळांमध्ये फुप्फुसाकडे जाणारी एखादी जास्तीची वाट जन्मानंतरही उघडी राहते, ती बाळं जरा बरी असतात. मग प्लंबर जसा एका पाइपचं पाणी दुसऱ्या पाइपमध्ये वळवतो, तसं रक्त वळवता येणार नाही का? बोस्टनच्या एका नामवंत सर्जनला त्यांनी हे आधी विचारलं होतं. त्यांनी रस दाखवला नाही.

ब्लेलॉक आणि थॉमस यांना मात्र पाच वर्षांपूर्वीचा एक फसलेला प्रयोग आठवला. १९३८ मध्ये व्हँडरबिल्टला त्यांनी कुत्र्याच्या पुढच्या पायाकडे जाणारी रोहिणी फुप्फुसाच्या रोहिणीला जोडली होती. हेतू होता फुप्फुसातला रक्तदाब वाढवण्याचा. तो काही वाढला नाही. पण कुत्री जगली होती. फसलेल्या प्रयोगाच्या वहीत उत्तर पडून होतं.

आता ते बाळांसाठी चालेल का, हे कुणी शोधायचं? अर्थात व्हिव्हियननं. सदोष हृदयांचे नमुने ठेवलेल्या संग्रहालयात तो दिवसच्या दिवस बसला. मग आधी निरोगी कुत्र्यामध्ये निळ्या बाळासारखी अवस्था तयार करायची आणि नंतर ती दुरुस्त करायची, असं दुहेरी काम सुरू झालं. जवळपास दोन वर्षं आणि सुमारे २०० कुत्री. त्यातली अ‍ॅना नावाची कुत्री शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगली. तिचं चित्र आजही हॉपकिन्समध्ये आहे. आज वाचताना त्या २०० आकड्यापाशी आपण थबकतो, आणि थबकायलाही हवं. त्या बाळांचं आयुष्य त्या मुक्या जनावरांच्याही हिशेबात जमा आहे.

सुई, चिमटा आणि हूक

आता या गोष्टीतला सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग. ऑपरेशन कसं करायचं हे ठरलं. पण कशानं?

इतक्या लहान बाळाच्या रक्तवाहिन्या अशा जोडायची शस्त्रक्रियाच कुणी करत नव्हतं, तर तिची हत्यारं कोण बनवणार? जी होती ती मोठ्या माणसाच्या शरीरासाठी आणि सर्जनच्या मोठ्या हातांसाठी घडवलेली. आज आपण ज्याला अर्गोनॉमिक्स म्हणतो, म्हणजे काम, शरीर आणि अवजार यांचा मेळ, तो इथं दोन टोकांनी जुळवायचा होता. एका टोकाला प्रौढ माणसाचा पंजा, दुसऱ्या टोकाला काही मिलिमीटरची वाहिनी. डॉक्टरच्या हाताला सोयीचं अवजार बाळाच्या छातीत मावत नाही आणि बाळाच्या मापाचं अवजार डॉक्टरच्या हातात नीट बसत नाही.

थॉमसनं सुरुवात लॅबमधल्या सुयांपासून केली. त्या कापून आखूड केल्या. एवढीशी सुई बोटात धरून घासता येत नाही, म्हणून ती धरली कपडे वाळत घालायच्या चिमट्यात आणि एमरीवर घासून ठाकठीक केली. सुताराच्या मुलाला धार लावणं नवीन नव्हतंच. शिवायला धागाही वेगळा मिळत नव्हता, तेव्हा लॅबमध्ये वापरला जाणारा बारीक रेशमी धागाच घेतला. कुत्र्यांवरच्या प्रयोगात हाताशी असलेले क्लॅम्प, फोर्सेप्स आणि काटकोनात वळलेला एक छोटा हूक हे सगळं लॅबमधून ऑपरेशन थिएटरकडे निघालं.

यातल्या क्लॅम्पचं कोडं समजून घ्या. दोन वाहिन्या शिवायच्या तर तेवढा वेळ त्यातून वाहणारं रक्त थांबवावं लागतं. त्यासाठी वाहिनी चिमट्यात धरायची. पण चिमटा ढिला राहिला तर रक्त उसळून वर येणार. घट्ट बसला तर वाहिनीची नाजूक भिंत चिरडणार आणि शिवण झाल्यावर तिथंच रक्ताची गुठळी होणार. चिमट्याची मूठ मोठी असेल तर ती शिवणाऱ्याच्या हाताच्या आड येणार. म्हणजे पकड पक्की हवी, पण चावरी नको. अवजार लागावं, पण मधे येऊ नये. पुढं फुप्फुसाच्या रोहिणीसाठी खास क्लॅम्प तयार झाला, त्यात ब्लेलॉक, थॉमस आणि तरुण सर्जन विल्यम लाँगमायर या तिघांचं डोकं होतं. क्लॅम्प ओळखला जातो तो ब्लेलॉक यांच्या नावानं.

डिझाइन शिकणाऱ्यांनी इथं जरा थांबावं. थॉमसनं आधी कागदावर चित्र काढून मग अवजार केलं नाही. तीच शस्त्रक्रिया त्यानं स्वतःच्या हातांनी पुन्हा पुन्हा केली होती. कुठल्या टाक्याला मनगट अडतं, कुठं सुईचं टोक दिसेनासं होतं, कुठं दोन हातांना तिसऱ्या हाताची गरज लागते, हे त्याला बोटांनी माहीत होतं. अवजाराचं माप त्या अडचणींनी ठरवलं. ज्यानं स्वतः टाके घातले नाहीत त्याला ती सुई सुचलीच नसती.

रूम नंबर ७०६

ऑपरेशन ठरलं ते आयलीन सॅक्सन या मुलीचं. वय १५ महिने, वजन जेमतेम चार किलो. त्या वयाचं निरोगी मूल नऊ-दहा किलोचं असतं. ती अंगानं निळी पडलेली होती आणि वाट बघायला वेळ उरलेला नव्हता.

गंमत अशी, की ब्लेलॉक यांनी ही शस्त्रक्रिया लॅबमध्ये एकदाच केली होती, तीही थॉमसचा मदतनीस म्हणून. थॉमसनं ती किती वेळा केली होती याची गणतीच नव्हती. पण तो डॉक्टर नव्हता, बाळाला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. त्या सकाळी तो जाणारही नव्हता. आपल्यामुळे ब्लेलॉक यांच्यावर दडपण येईल असं त्याला वाटत होतं. ब्लेलॉक यांनी थिएटरमधून निरोप धाडला, की त्याला बोलवा.

तो आला. ब्लेलॉक यांनी त्याला आपल्या मागे, उजव्या खांद्यापाशी उभं राहायला सांगितलं. तिथून छातीतलं नीट दिसावं म्हणून पायाखाली एक स्टूल. आजूबाजूला लाँगमायर, शिकाऊ डॉक्टर डेंटन कूली, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि हेलन टाउसिग. सुमारे दीड तास ऑपरेशन चाललं. हाताकडे जाणारी रोहिणी कापून तिचं टोक फुप्फुसाच्या रोहिणीला शिवायचं होतं. हाताचं काय? त्याला बाजूच्या लहान फांद्यांमधून रक्त मिळत राहतं. ब्लेलॉक मान न वळवता विचारत, चीर पुरेशी लांब आहे का, टाका बरोबर जागी पडतोय का. स्टुलावरून हलक्या आवाजात उत्तर यायचं. टाक्याची दिशा चुकली की तेही तिथूनच सांगितलं जायचं.

क्लॅम्प काढले. जोड टिकला. आयलीन वाचली.

गोड शेवट इथंच करता आला असता, पण तो खरा नाही. काही महिन्यांनी आयलीन पुन्हा निळी पडू लागली. दुसऱ्या बाजूनं पुन्हा शस्त्रक्रिया केली, त्यानंतर काही दिवसांत ती गेली. पण तोवर वाट सापडली होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये आणखी दोन मुलांवर ही शस्त्रक्रिया झाली. त्यातल्या सहा वर्षांच्या मुलाचे ओठ क्लॅम्प काढताच, टेबलावरच, निळ्याचे गुलाबी झाले. जमलेल्या सगळ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दूरदूरहून आईबाप निळी बाळं घेऊन हॉपकिन्सच्या दारात उभे राहू लागले. वर्षभरात २०० हून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. थॉमस मागे उभा असल्याशिवाय ब्लेलॉक सुरुवात करत नसत.

'तो' आणि 'ते'

मे १९४५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये या पहिल्या तीन शस्त्रक्रियांचा पेपर आला. लेखक दोन, ब्लेलॉक आणि टाउसिग. शस्त्रक्रियेचं नाव पडलं ब्लेलॉक-टाउसिग शंट. वर्तमानपत्रांत फोटो आले, सन्मान आले. थॉमसचं नाव पेपरमध्ये कुठंच नव्हतं. आभारातही नाही.

आता एक गोष्ट तपासा. या लेखात इथपर्यंत ब्लेलॉक 'ते' आहेत, टाउसिग 'त्या' आहेत आणि थॉमस 'तो'. वाचताना खटकलं का? ब्लेलॉक आणि थॉमस यांच्या वयात अंतर फक्त ११ वर्षांचं. तरी लिहिताना हे आपोआप होत गेलं, आणि पहिला खर्डा वाचतानाही लक्षात आलं नाही. आपल्या कॉलेजातही असंच असतं. सर 'ते', मॅडम 'त्या' आणि तीस वर्षं लॅब सांभाळणारा असिस्टंट मात्र 'तो'. बाल्टिमोरमध्ये रंग आडवा आला. आपल्याकडे काय काय आडवं येतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर इथून पुढं थॉमस 'ते'.

थॉमस यांनी लॅब सोडली नाही. सकाळी तरुण सर्जनना टाके घालायला शिकवायचं, आणि पैसे पुरत नसत म्हणून कधी संध्याकाळी ब्लेलॉक यांच्या घरच्या पार्टीत त्याच सर्जनना ड्रिंक्स द्यायची, असे दिवसही त्यांनी काढले. १९४६ मध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं, की एवढ्या पगारात भागत नाही, नॅशव्हिलला जाऊन सुतारकाम केलेलं परवडेल. तेव्हा कुठं पगार नीट वाढला.

१९४७ मध्ये त्यांनी जुनं स्वप्न पुन्हा काढून पाहिलं. मॉर्गन स्टेट कॉलेजमध्ये चौकशी केली. इतक्या वर्षांच्या अनुभवाचं एकही क्रेडिट मिळणार नव्हतं, पहिल्या वर्षापासून सुरुवात. हिशेब केला. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. त्यांनी तो विषय कायमचा मिटवला. ज्यांच्या हाताखाली डॉक्टर शिकत होते, त्यांना डॉक्टर होता आलं नाही.

काम मात्र चालूच राहिलं. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य वाहिन्यांची जागा जन्मतःच उलटी असलेल्या बाळांसाठी थॉमस यांनी हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या पडद्यात वाट करायची पद्धत प्रयोगशाळेत बसवली. ब्लेलॉक यांनी ते काम बोटानं चाचपून पाहिलं. शिवण कुठं आहे तेच कळेना. हे माणसाच्या हातचं नव्हे, देवानंच केल्यासारखं वाटतंय, अशा अर्थाचं काहीतरी ते पुटपुटले. २००४ मध्ये थॉमस यांच्यावर 'समथिंग द लॉर्ड मेड' हा चित्रपट आला, त्याचं नाव त्यावरून. ही शस्त्रक्रियाही ओळखली जाते ती दुसऱ्याच दोघांच्या नावानं.

थॉमस यांच्या हाताखाली शिकलेले सर्जन सांगायचे, की त्यांच्या हातांची एकही हालचाल वाया जात नसे. त्यातलेच डेंटन कूली. त्यांनीच पुढं १९६९ मध्ये माणसाच्या छातीत पहिलं संपूर्ण कृत्रिम हृदय बसवलं.

नाव लागलं, पण कधी?

१९६४ मध्ये ब्लेलॉक गेले. थॉमस पुढची १५ वर्षं लॅबमध्ये राहिले. १९७१ मध्ये त्यांनी शिकवलेल्या सर्जन मंडळींनी एकत्र येऊन त्यांचं तैलचित्र करून घेतलं. ते हॉस्पिटलमध्ये लागलं, ब्लेलॉक यांच्या चित्राशेजारी. १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तीही नियमांच्या अडचणीमुळे वैद्यकशास्त्राची नाही, कायद्याची. त्याच सुमारास ते सर्जरीचे शिक्षक म्हणून अधिकृतपणे नेमले गेले. ३५ वर्षं जे काम ते करत होते त्याचंच नेमणूकपत्र.

१९७९ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. २६ नोव्हेंबर १९८५ रोजी कॅन्सरनं त्यांचं निधन झालं. पुस्तक त्यानंतर काही दिवसांनी छापून आलं.

ही गोष्ट आपल्याला 'मेहनत करा, फळ मिळेल' अशी सांगायची सवय आहे. थॉमस यांच्या बाबतीत ते अर्धंच खरं. फळ बाळांना मिळालं. त्यांच्या वाट्याला आलं ते तीस वर्षं उशिरा, आणि डॉक्टर व्हायचं स्वप्न तर राहिलंच. ते महान होते म्हणून अन्याय लहान होत नाही.

आज बाळांच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी, त्यांच्याच मापाची हत्यारं मिळतात. सुई आणि धागा कारखान्यातूनच जोडून येतात. सर्जन भिंगाचे चष्मे लावतात. शंटही बदलला. हाताची रोहिणी कापण्याऐवजी आता बहुतेक वेळा कृत्रिम नळी जोडतात. आपल्याकडच्या हॉस्पिटलांमध्येही निळ्या बाळांवर ही शस्त्रक्रिया होते. आणि अलीकडे अनेक डॉक्टर तिचं नाव लिहिताना मधे एक नाव घालू लागलेत : ब्लेलॉक-थॉमस-टाउसिग शंट.

मधे. जिथं त्या दिवशी ते उभे होते, सर्जनच्या खांद्याला लागून, स्टुलावर.

ती कापलेली रिफिल अजून टेबलावर असेल. टाकून द्यायच्या आधी एक टाका घालून बघा.